चौदाव्या दिवसाची मर्यादा

सस्तन प्राण्याच्या गर्भाची पहिली वाटचाल मातेच्या उदरात, दृष्टीआड घडते. ती पाहता यावी म्हणून इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या जेकब हान्ना यांच्या चमूने उंदराचे गर्भ सावकाश फिरणाऱ्या काचेच्या बाटल्यांत, प्राणवायू व दाब काटेकोर राखून, अकराव्या दिवसापर्यंत वाढविल्याचे मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले. उंदराची गर्भावस्था अवघी वीस दिवसांची! इथवर आमचा आक्षेप नाही. ख्रिस्तसभा विज्ञानाकडे पाठ फिरवीत नाही.

मानवी गर्भाचा प्रश्न आला की मात्र आम्ही थबकतो. २०१६ मध्ये केंब्रिज व न्यूयॉर्क येथील दोन चमूंनी मानवी गर्भ बारा-तेरा दिवस प्रयोगशाळेत जगविले आणि चौदा दिवसांची मर्यादा जवळ येताच प्रयोग ‘थांबविले’. हे फार सौम्य क्रियापद झाले. त्या गर्भांचे जीवन तेथे संपविण्यात आले.

ही मर्यादा ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये सुचविली. १९९० मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हा इतके दिवस गर्भ टिकविणे कोणालाच साधत नव्हते, त्यामुळे नियम पाळणे सोपे होते. ते साधू लागताच, मे २०२१ मध्ये, मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतील सरसकट बंदी काढून टाकली. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चौदा दिवसांपुढे मनाई आहे. ख्रिस्तसभा मात्र दिवस मोजत नाही. ‘डोनुम व्हिते’ (१९८७) आणि ‘डिग्नितास पर्सोने’ (२००८) या सूचनापत्रांनुसार मानवी जीवाचा आदर पहिल्या क्षणापासूनच व्हावयास हवा.

आता नवाच पेच उभा राहिला आहे. २०२३ मध्ये हान्ना यांच्या चमूने शुक्राणू व अंडपेशीविना, केवळ मूलपेशींपासून, चौदा दिवसांच्या मानवी गर्भासारखी प्रतिकृती घडविली. तो खरा गर्भ नव्हे, असे संशोधक सांगतात. मग येथे ‘पहिला क्षण’ कोठे शोधावा? आमच्याजवळ तयार उत्तर नाही. पण जोवर शंका आहे तोवर तिचा लाभ त्या जीवाला मिळावा, असे आम्हांस वाटते. मूलपेशी कोठून आणल्या, हेही विचारले पाहिजे: त्या प्रौढाच्या त्वचेपासून मिळविता येतात, तशाच गर्भ नष्ट करूनही.

हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तसे नाही. आपल्या २०२१ च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार गोठविलेले गर्भ दहा वर्षांपर्यंत जपता येतात. नंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनास द्यावेत, अशी तरतूद आहे. अपत्यासाठी झुरणाऱ्या कोणत्याही घराला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र उपचार केंद्रातील संमतिपत्र सहीपूर्वी घरी आणावे, सावकाश वाचावे आणि आपल्या धर्मगुरूंशी बोलावे, एवढी विनंती.