आईची भीती आणि वेगाचा वर्ग

दादा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतमार्गावर हौसेने मोटार चालवायला निघाला, की आईच्या पोटात गोळा येतो. ‘काही होत नाही गं!’ हे त्याचे उत्तर मला पटत नाही. वेग ताशी ६० वरून १२० किलोमीटर झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते. आईची भीती शास्त्राला धरूनच आहे. पण तिला हेही सांगावे : तिथे समोरून वाहन येत नाही, गुरे-माणसे आडवी येत नाहीत. डोक्याला शिरस्त्राण असते. वळणावर गाडी घसरलीच, तर कडेच्या खडीत रुतून ती ऊर्जा जिरते. मला खरी धास्ती वाटते ती परतीच्या हमरस्त्याची. तिथे खडीचा पट्टा नाही, ब्रेक दिवसभर तापून झिजलेले आणि दादाच्या अंगात वेग भिनलेला! ब्रेक तपासल्याशिवाय परत निघायचे नाही, हे मात्र आईने दरडावून सांगावे.