डिपॉझिटला हद्द घाला

बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

बोरीहून पुण्याजवळ चाकणला कामाला जाणारा माणूस परदेशी जात नाही. राज्य तेच, भाषाही तीच. तरी तिथे बिऱ्हाड मांडायचे तर आधी उंबऱ्यावरच जकात भरावी लागते. दहा हजार भाड्याचे घर धरा. तीन महिन्यांचे डिपॉझिट, पहिले भाडे आणि एजंटाचा एक महिना मिळून पन्नास हजार रुपये पहिला पगार हातात पडण्याआधीच जातात. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. तो पुरता पदरात पडला (पडतो का, हा वेगळ्या पत्राचा विषय), तरी नऊ क्विंटलांहून जास्त माल या एका दारात संपतो. गॅस, पंखा, भांडीकुंडी अजून धरलेलीच नाहीत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 ने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे बजावले. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावर टाकली. डिपॉझिट किती घ्यावे, याला मात्र त्या कायद्यात हद्द नाही. केंद्राने 2021 मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आहे, आणि उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी ती आपल्या कायद्यात घातली. जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअरकडेही डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापलीकडे मागता येत नाही, शिवाय ते तीन हप्त्यांत देता येते. 2015 पासून तिथे दलालाला ज्याने बोलावले, त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. परक्या देशात मिळणारे हे संरक्षण आपल्याच राज्यात मिळू नये?

घरमालक म्हणतील, भाडेकरूने घर सोडलेच नाही तर? ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय आपल्या 1999 च्याच कायद्यात आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई घेता येते, ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी, झटपट कार्यपद्धती आहे. मग मोठे डिपॉझिट कशासाठी? बहुतेकदा ते बिनव्याजी भांडवल असते, आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली त्यातूनच कापाकापी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डिपॉझिट घटले की भाडे वाढेल. काही ठिकाणी वाढेलही. पण भाडे पगारातून फिटते, डिपॉझिट मात्र पगाराआधी, म्हणजे सावकाराकडून उचलून द्यावे लागते. महिन्याला चार-पाचशे रुपये जास्त देणे आणि उचललेल्या डिपॉझिटवर व्याज भरत बसणे, यांत कामगाराला काय परवडते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

रेशनकार्ड गावाकडचे असले तरी धान्य आता दुसऱ्या शहरातल्या दुकानात उचलता येते. माणूस हलतो हे शासनाने धान्यापुरते मानले. छपरापुरते मानायचे राहिले आहे. म्हणून भाडे कायद्यात दुरुस्ती करून डिपॉझिट दोन महिन्यांपुरते ठेवावे, ते हप्त्यांत देण्याची मुभा द्यावी आणि एजंटाचे पैसे त्याला नेमणाऱ्याकडूनच घ्यावेत. हे विधेयक नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आणावे. सोयाबीन विकून गाव सोडणाऱ्यांची पुण्याकडे जाण्याची वेळही साधारण तीच असते.

आपला,
बोरीचा एक रहिवासी