विषाची भरपाई

साम्राज्यवादाची चर्चा करताना तहांची भाषा आपण पुरेशा बारकाईने वाचत नाही, असे आम्हांस वाटते. १८३९ मध्ये लिन त्सश्यू या चिनी अधिकाऱ्याने प्रामुख्याने ब्रिटिश व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या सुमारे २०,००० पेट्या हूमेन येथे नष्ट केल्या. त्यावरून युद्ध पेटले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनने हाँगकाँग गमावले, पाच बंदरे खुली केली आणि त्या अफूपोटी ६० लाख डॉलर देणेही मान्य केले. विष नाकारणाऱ्याकडूनच विषाची किंमत वसूल झाली. तिला नाव मात्र ‘भरपाई’!

खरी झळ सामान्यांना बसली. शेतकऱ्याची कमाई तांब्याच्या नाण्यांत, कर मात्र चांदीच्या हिशेबाने. अफूपायी चांदी देशाबाहेर जाऊ लागली, महागली. अफूला न शिवलेल्या घरावरही कराचा बोजा वाढला.

ही अफू हिंदुस्थानातलीच होती. बंगालची कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. मुंबईच्या वैभवात तो पैसा मुरला आहे. म्हणूनच वसाहतवादाविषयी केवळ पीडितांच्या भूमिकेतून बोलणे आपल्या अभ्यासकांना पुरेसे वाटू नये, असे आमचे मत आहे.