टिप नंतर घ्या, आधी पाणी बघा!

रात्री दीड वाजता मोबाइलवर अलास्का नाहीतर नॉर्वेचा व्हिडिओ. कंबरभर पाण्यात उभा असलेला कुणीतरी फ्लाय रॉड फिरवतोय, लांबलचक दोरी हवेत सुंदर वळण घेते, आणि पुढच्याच सेकंदाला मासा. चार दिवसांनी लालबागच्या आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत कुरियरवाला खोकं घेऊन हजर. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तरी हे केलंय, मला माहितीये. कारण मीही केलंय.

रॉड आल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘अरे, सिंकिंग टिप कुठली घेऊ?’ आणि मित्रांच्या कट्ट्यावरचं उत्तरही हमखास ठरलेलं, ‘आपल्या समुद्राला ओढ जबरदस्त. सगळ्यात जड घे!’ माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर चुकीचं आहे. पैसे तर जातातच, पण एखाद्या दिवशी जिवावरही बेतू शकतं.

ज्यांनी अजून रॉड हातात घेतला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गळाला शिसं बांधतात आणि त्या वजनावर गळ लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये पिसांचा, दोऱ्याचा ‘फ्लाय’ जवळजवळ बिनवजनाचा असतो, वजन असतं ते दोरीलाच. ही दोरी तरंगते. मासा खाली असेल तर दोरीच्या टोकाला दहा-पंधरा फुटांचा बुडणारा तुकडा जोडायचा, तीच सिंकिंग टिप. आत बहुतेक वेळा टंगस्टनची पूड असते. पाकिटावर लिहिलेलं असतं, सेकंदाला दीड इंच, तीन इंच, सहा इंच, आठ इंच. म्हणजे बुडण्याचा वेग.

गोम इथेच आहे. हा वेग साचलेल्या पाण्यातला असतो, आणि आपला समुद्र साचलेला नाही. साधं गणित करा. सहा इंचवाली टिप सहा फूट खाली जायला बारा सेकंद घेते. पाणी सेकंदाला एक मीटरने वाहत असेल, तर त्या बारा सेकंदांत तुमचा फ्लाय बारा मीटर वाहून गेलेला असतो. वर तरंगणाऱ्या दोरीला प्रवाह ओढतो आणि टिप पुन्हा वर येते. आणि हीच टिप, त्याच खडकावरून, भरती थांबल्यावर टाकली तर? सरळ तळाला जाऊन कपारीत अडकते. टिप तीच, खडक तोच, फक्त दोन तास उलटलेले. मग ‘मुंबईसाठी बेस्ट टिप’ असं काही असेलच कसं?

आमच्या मजल्यावर देवगडचे एक आबा राहतात. आयुष्यभर हातगळाने गरवत आलेले. माझी पाकिटं त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि एवढंच म्हणाले, ‘‘आधी पाणी बघ, मगे शिसां बांध.’’ त्यांच्या डब्यात चार-पाच आकारांचं शिसं, दोन नट आणि जुने स्पार्क प्लग असतात. एका संध्याकाळी ते तीनदा वजन बदलतात. महागड्या टिपांचं सगळं शास्त्र त्या डब्यात होतं, मी मात्र ते परदेशातून मागवत बसलो होतो.

पाणी बघायचं म्हणजे नेमकं काय? शाळेत भूगोलात उधाणाची आणि भांगाची भरती शिकलो, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. तीच इथे कामाला येते. अमावास्या, पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढ तुफान. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी. भरतीची वेळ काढायची आजोबांच्या काळची रीत तर अ‍ॅपपेक्षा सोपी आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला बाराच्या आसपास. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण आपल्या किनाऱ्यावर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

आता त्या सहा तासांच्या आतला हिशेब. पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धा समुद्र चढतो! टिप निवडायची ती या घड्याळावर. पहिल्या आणि शेवटच्या तासाला हलकी, दीड-दोन इंचवाली. दुसऱ्या-पाचव्या तासाला मधली. तिसऱ्या-चौथ्या तासाला जड. भांगाच्या दिवशी बऱ्याचदा मधलीच पुरते. तीन टिपा खिशात ठेवा, लूपने जोडल्या की मिनिटभरात बदलतात. फ्लायच्या आधीचा नायलॉनचा तुकडा तीन-चार फुटांचाच ठेवा. तो नऊ फुटी ठेवलात, तर टिप खाली आणि फ्लाय वर फिरत राहतो.

आणि जड टिप लावण्याआधी दोन फुकटचे उपाय करून बघा. एक, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, दोरी थोडी सैल सोडा, तिला बुडायला वेळ द्या. दोन, जागा बदला. खडकाच्या आडोशाला जिथे पाणी वळून मंद होतं, तिथे शिंगाळा, तांबोशीसारखे मासेही ओढ टाळायला थांबतात. तिथे मधल्या टिपेतही काम होतं. जड टिप हा शेवटचा इलाज, पहिला नव्हे.

‘एवढं काय त्यात? अडकली तर अडकली!’ असं म्हणाल, तर माझी गोष्ट ऐका. उधाणाचा दिवस, वरळीचे खडक, मी कट्ट्याचा सल्ला ऐकून सगळ्यात जड टिप लावलेली. भरती नुकतीच लागली होती, पाणी मंद होतं. पहिल्या दोन-चार फेकीतच टिप कपारीत. महागाची, म्हणून सोडवेना. एक खडक खाली उतरलो, मग अजून एक. नजर दोरीवर. कधी तिसरा तास लागला कळलंच नाही. मागून एक कोळी काका ओरडले, ‘‘पोरा, सोड ती दोरी! मागं बघ!’’ मागे ज्या खडकावरून मी आलो होतो, त्यावरून पाणी वाहत होतं. दोरी कापली, गुडघाभर पाण्यातून, शेवाळावरून घसरत बाहेर आलो. चार मीटरचा चढ असेल, तर मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी वाढतं. म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यावरून. तेव्हा आधीच ठरवा, अडकली की कापायची. टेट्रापॉडवर तर उतरायचंच नाही.

आणि कापलेल्या टिपेचं, तुटलेल्या शिशाचं काय होतं? ते तिथेच राहतं. शिसं विषारी आहे. ब्रिटनमध्ये हंस ते गिळून मरायला लागले, म्हणून तिथे १९८७मध्ये गळाच्या लहान शिशावर बंदी आली. आपल्या खडकांत तर शिशाबरोबर नायलॉनचीही जाळी झालीये. योग्य वजन लावलं की अडकणं कमी, म्हणजे मागे राहणारा कचराही कमी.

अ‍ॅप बघू नका, असं मी म्हणत नाही. पण अ‍ॅप भरतीची वेळ आणि उंची सांगतं, तुमच्या खडकापाशी पाणी कुठे वळतं ते नाही. ते तिथल्या माणसांना ठाऊक असतं. कोस्टल रोडच्या खांबांचं प्रकरण आठवतंय ना? वरळीच्या क्लीव्हलँड बंदरापाशी दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर पुरेसं आहे, असा कागदावरचा हिशेब होता. पाण्याला ओढ लागली की होडी खांबावर जाईल, हे कोळीवाडा सांगत राहिला, भांडला. शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करावं लागलं. मोठमोठ्या इंजिनीअरांना जे ऐकावं लागलं, ते आपण का ऐकू नये?

म्हणून या रविवारी रॉड घरीच ठेवा. गिरगाव चौपाटी, हाजी अली, वरळी, जिथे जमेल तिथे सहा तासांतले निदान तीन तास नुसते बसा. नारळाची करवंटी किंवा सुकलेलं पान पाण्यात टाका, ते दहा पावलं जायला किती सेकंद घेतं ते मोजा. तासाभराने पुन्हा मोजा. शेजारी हातगळ घेऊन बसलेल्या काकांना विचारा, ‘आता कुठलं वजन लावलंत, आणि का?’ ते आधी तुमच्याकडे संशयाने बघतील, मग थांबायचेच नाहीत. त्यानंतर टिप घ्या. आणि घेताना सगळ्यात जड नको, तिन्ही घ्या.