अर्जात मोर्चा लिहायचा की नाही?

जाहिरात इंग्रजीत होती. सरकारी कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या, कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेल्या एका संस्थेला ‘गव्हर्नमेंट अफेअर्स’ सांभाळायला माणूस हवं होतं. काम असं : विधेयकं वाचून टिपणं करायची, आमदार-खासदारांना भेटायचं, समित्यांपुढे निवेदनं द्यायची, अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करायचा. मैत्रिणींनो, ही यादी वाचून मला हसू आलं. एसटीच्या तिकिटाचे पैसे पदरचे घालून आपण इतकी वर्षं दुसरं काय केलं? पुढे पात्रता वाचली आणि हसू गेलं. कायदा किंवा सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर पदवी, पाच वर्षांचा ‘संबंधित’ अनुभव, उत्तम इंग्रजी.

तरीही मी अर्ज केला.

अर्जात एक तक्ता होता : नोकरी देणाऱ्याचं नाव, हुद्दा, शेवटचा पगार. आयुष्यातली सगळ्यात मेहनतीची वर्षं त्या तक्त्यात बसेनात. कॉम्प्युटरवर अर्ज भरून देणारी माझी भाची म्हणाली, “मावशी, मोर्चे वगैरे नको लिहूस गं. त्यांना पक्षनिरपेक्ष माणूस हवंय.” तिचं चुकलं असं तेव्हा मलाही चटकन म्हणता आलं नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी मोर्चे लिहिले.

कारण पक्षनिरपेक्ष असणं म्हणजे राजकारणापासून दूर असणं नव्हे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ साली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली. उमेदवारांवरचे गुन्हे आणि त्यांची मालमत्ता मतदारांना कळली पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली, तेव्हा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एक झाले आणि त्यांनी कायदा बदलून तो निकाल निकामी करायचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदलही रद्द केला. सगळ्याच पक्षांना नकोसं होणं, पक्षनिरपेक्षतेची याहून चांगली खूण कोणती? आपल्यालाही १९९५ ला युतीचं सरकार आलं तेव्हा ‘तुम्ही काँग्रेसच्या’ म्हटलं गेलं आणि १९९९ ला आघाडी आली तेव्हा ‘तुम्ही विरोधकांच्या’. बाटली आडवी करण्याच्या मतदानासाठी उत्पादन शुल्क खात्याचे उंबरे झिजवताना दारूच्या दुकानदाराचा झेंडा कुठला, हे आपण कधी विचारलं नाही. नोकरी घेतली की निवडणुकीत कुणाचा प्रचार करायचा नाही, हे बंधन मात्र खरंच पाळावं लागतं. जिला ते जमणार नाही तिने अर्ज करू नये.

मुलाखतीला बोलावणं आलं. तिघे जण होते, सभ्य होते, ‘मॅडम’ म्हणत होते. “तुम्ही आंदोलक आहात, आम्हाला संवाद साधणारी व्यक्ती हवी आहे,” असं त्यातले एक जण म्हणाले. मी त्यांना घरगुती हिंसाचाराच्या कायद्याची गोष्ट सांगितली.

मार्च २००२ मध्ये सरकारने या विषयावरचं विधेयक लोकसभेत मांडलं. त्यात हिंसेच्या व्याख्येत ‘सवयीने’ असा शब्द होता. म्हणजे नवरा एखाददुसऱ्या वेळी मारत असेल तर ती हिंसा नव्हेच! शिवाय स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी हात उचलला असं म्हणायचीही सोय त्याला ठेवली होती. देशभरच्या स्त्री-संघटनांनी त्याला विरोध केला. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, तिथेही बायका बोलल्या. २००५ चा कायदा आला तेव्हा ‘सवयीने’ गेलं होतं, ती पळवाटही गेली होती. शाब्दिक, आर्थिक, लैंगिक छळाचा समावेश झाला होता आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळाला होता. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. रस्त्यावर घोषणा होत्या म्हणून समितीला ऐकावं लागलं, आणि कलमं वाचलेली माणसं समितीपुढे बसली म्हणून घोषणेचं कलम झालं. एका शब्दापायी किती जणींना दारातून परत पाठवलं जाईल, हे सल्ला केंद्रात रोज बसणाऱ्या बाईला लगेच दिसतं. समितीच्या खोलीत ती नसेल तर ‘तेवढा एक शब्द राहू द्या’ म्हणून तडजोड व्हायला कितीसा वेळ लागतो?

नोकरी मला मिळाली नाही. दिल्लीहून कायदा शिकून आलेल्या एका हुशार मुलीला मिळाली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी तिचाच फोन आला : लक्षवेधी सूचना मांडायला कुठल्या आमदाराला गाठू, तारांकित प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर पुढे काय करायचं, आश्वासन समितीकडे कधी जायचं? अर्धा तास सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ‘संबंधित अनुभव’ म्हणतात तो हाच.

गावगाड्यात रात्री जागून राखण करणारा जागल्या असे. ते काम कुणाच्या वाट्याला यायचं आणि त्याच्या पदरात काय पडायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. आता त्याच कामाला पदवी लागते, आणि ज्यांच्या पिढ्या जागल्या त्यांच्या मुली पात्रतेच्या ओळीवरच अडतात.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, पगारी कार्यकर्ती झाली की चळवळ संपली. ही भीती खोटी नाही. पगार देणाऱ्याकडे बघून बोलायची सवय लागते, आणि पैशाच्या दोऱ्या आवळल्या की पहिली गदा पगारांवर येते. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० वर आणली, तेव्हा अनेक संस्थांना ते कळलं. पण बिनपगारी राहणं कुणाला परवडतं, हेही एकदा मोकळेपणाने बोलूया. ज्यांच्या घरी नवऱ्याचा पगार येत होता त्या टिकल्या. परित्यक्ता, एकट्या, शेतमजुरी करणाऱ्या मैत्रिणी दोन-चार वर्षांत गळाल्या, आणि ‘त्यागाला कमी पडली’ असं आपणच त्यांच्यामागे म्हटलं.

लक्ष ठेवणाऱ्या संस्थांनी ‘पदवी किंवा संघटनेतला तितक्या वर्षांचा अनुभव’ अशी ओळ जाहिरातीत घालावी आणि जाहिरात मराठीतही काढावी, हे त्यांना पत्र लिहून कळवायलाच हवं. पण आपल्याकडेही एक काम राहिलं आहे. कुणी किती वर्षं काय केलं, याचा कागद आपण कधी दिलाच नाही. गेल्या महिन्यात आमच्या संघटनेने जुनी इतिवृत्तं, निवेदनांच्या पोच-प्रती, बैठकांच्या वह्या काढल्या आणि सहा जणींना लेटरहेडवर तारखांसह अनुभवाची पत्रं दिली. १९९४ च्या महिला धोरणावर गावोगाव सूचना गोळा करणाऱ्या एकीचं पत्र दोन पानी झालं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “पुढची जाहिरात कधी येते?”