पहाटेची घंटा आणि मुलांची झोप

निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात एक घंटा आजही वाजते. पहाटे पाचची. त्या घंटेने आम्हांला शिस्त लावली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु पहिल्या तासाला डुलकी लागली म्हणून ज्यांना बाकावर उभे राहावे लागले, त्या सोबत्यांना आपण सर्वांनी आळशी ठरवले. तो न्याय नव्हता, असे आज आम्हांस वाटते.

असे वाटण्यास एका शास्त्रज्ञ स्त्रीचे आयुष्यभराचे संशोधन कारण आहे. अमेरिकेतील डॉ. मेरी कार्सकाडन यांनी १९७६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरे भरवून मुलांच्या झोपेचा अभ्यास केला. मुलांना रात्री दहा तास अंथरुणात राहू दिले जाई. वय वाढेल तशी झोपेची गरज घटेल, अशी अपेक्षा होती. ती खोटी ठरली. थोरली मुलेही नऊ तासांच्या आसपास झोपत. उलट वयात येताना त्यांची दिवसाची पेंग वाढलेली दिसली.

पुढे ब्राउन विद्यापीठात त्यांनी मुलांच्या लाळेतील मेलाटोनिन मोजले. मेलाटोनिन म्हणजे शरीराला रात्र झाल्याचा निरोप देणारे संप्रेरक. किशोरवयात हा निरोपच उशिरा पोहोचतो. दिवसभराच्या जागेपणाने साचणारा झोपेचा भारही या वयात सावकाश चढतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातील विद्यार्थ्यांची शाळा नव्या इयत्तेत ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली होती. सकाळी साडेआठला त्यांची चाचणी घेतली, तेव्हा जवळजवळ निम्मी मुले झोप लागताच स्वप्नावस्थेत गेली. शरीराने वर्गात आलेल्या त्या मुलांच्या मेंदूची रात्र अजून संपलेली नव्हती.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण ज्यांचे शरीरघड्याळ सर्वाधिक पुढे सरकते, ती आठवी ते बारावीची मुले त्यातून वगळली गेली. नागपूरच्या उन्हाळ्यात तर वसतिगृहाच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. साडेअकराला डोळा लागलेल्या मुलाला पाचला उठवले, तर पदरात साडेपाच तास पडतात. या वयाला आठ ते दहा तास हवेत, असे तज्ज्ञ सांगतात.

येथे आमचेच बांधव विचारतील : बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, त्याचे काय? जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात, त्यांत आम्हीही बसलो आहोत. वर्षातील तो एक दिवस प्रेरणेचा आहे. पण बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि शिष्यवृत्तीची मुदत मोजकी होती. त्यांच्या शालेय वयातील प्रसंग वेगळे काही सांगतो. परळच्या एका खोलीत सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासास उठवून त्याच जागी निजत. ही गोष्ट आपण जागरणाची म्हणून सांगतो. आम्हांला तीत मुलाच्या झोपेची राखण करणारा बापही दिसतो.

आमच्या मुलांना दुप्पट कष्टांवाचून गत्यंतर नाही, हे आम्ही जाणतो. पण दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेतच मेंदूत पक्के होते. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, त्याला झोप आपोआप मिळते. आमच्या लेकरांना ती संस्थेनेच द्यावी लागेल.

म्हणून आमची विनंती अशी : आठवीपासून पुढच्या मुलांची घंटा साडेसहाला वाजावी, दिवे दहाला मालवावेत, मोबाइल त्याआधी जमा व्हावेत आणि पहिल्या तासाला चाचणी नसावी. एक सत्र करून पाहावे. गुण आणि हजेरी दोन्ही तपासावीत. पालकांनीही सुटीत घरी आलेले मूल उशिरापर्यंत झोपले, तर त्याला लगेच हाक मारू नये. ते आळशी नाही. त्याचे वय त्याच्याकडून झोप मागत आहे.