भिंतीस रंग कोणता द्यावा?

विजयादशमीचे सोने लुटून झाले की घरोघरी दीपावलीची चाहूल लागते. भांडीकुंडी अंगणात येतात, जळमटे निघतात आणि रंगाऱ्यास निरोप जातो. पूर्वी हा विषय सोपा होता. भिंतीस चुन्याची सफेदी, तिचा पिवळेपणा मारण्यासाठी चिमूटभर नीळ, खालच्या पट्ट्यास काव, एवढ्यावर घर सणास सिद्ध होत असे. आज दुकानदार शेकडो छटांचे पुस्तक पुढे ठेवतो आणि कोणी हितचिंतक दिशांचे कोष्टक आणून देतो. या दिशेस अमुक रंग लावाल तर लक्ष्मी नांदेल, तमुक लावाल तर अरिष्ट ओढवेल! श्रद्धाळू कुटुंब गोंधळते, क्वचित भितेही. आणि धडधाकट भिंती पुन्हा रंगवण्यासाठी ऋण काढण्यापर्यंत मजल जाते. या भीतीविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

संस्कृतातील ‘रञ्ज्’ या धातूचे अर्थ दोन : रंगणे आणि अनुरक्त होणे. रंग, अनुराग, रंजन हे शब्द त्याचेच. वैराग्यही त्याच कुळातले. आमच्या नारदीय कीर्तनात तत्त्वनिरूपणाचा तो पूर्वरंग आणि आख्यानाचा तो उत्तररंग. मन रमते तेथे रंग भरतो, असा आपल्या भाषेचाच निर्वाळा आहे. मग जो मनात धास्ती भरतो, त्यास रंग तरी कसे म्हणावे?

शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही पाहू. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येचे स्वतंत्र प्रकरण आहे. देवघर ईशान्येस आणि स्वयंपाकघर आग्नेयेस असावे, असे तेथे सांगितले आहे. भूमीच्या रंगाचाही विचार आहे. खड्ड्यात चार रंगांची फुले रात्रभर ठेवावीत आणि सकाळी कोणते फूल कोमेजले नाही ते पाहून भूमी कोणत्या वर्णास हितकर ते ठरवावे, अशी परीक्षा आहे. परंतु त्याच ठिकाणी आचार्य पुढे म्हणतात की, ज्याचे मन जेथे रमते ती भूमी त्यास शुभच होय. भिंतींच्या रंगांचे कोष्टक त्या प्रकरणात नाही. जो शास्त्रकार भूमीसारख्या मूळ गोष्टीतही मनाच्या प्रसन्नतेस मान देतो, त्याच्या नावावर डब्यातल्या रंगाचे भय विकावे, हे शास्त्राचे पालन नव्हे.

याचा अर्थ रंगास काही महत्त्व नाही असा मात्र नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रसांचे रंग सांगितले आहेत. रौद्राचा लाल, भयानकाचा काळा, करुणाचा पारव्यासारखा करडा, हास्याचा शुभ्र. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तर घरातील चित्रे शृंगार, हास्य आणि शांत या तीन रसांचीच असावीत असा दंडक घालते. चित्रास जो न्याय तोच भिंतीस लावावा. ज्या खोलीत निजावयाचे तेथे शांत छटा असावी. ज्या ओसरीवर पाहुणे येतात तेथे प्रसन्न असावी. दिशेचा विचार करावयाचा तर उजेडासाठी करावा. उत्तरेच्या खोलीस ऊन जवळजवळ नाहीच, तेथे पिवडीसारखी ऊबदार छटा शोभते. पश्चिमेची खोली दुपारी तापते, तेथे भडक रंग डोळ्यांस त्रास देतो. हातभर भिंत रंगवून ती सकाळी, तिन्हीसांजेस आणि दिव्याच्या उजेडात पाहावी. मगच डबे आणावेत.

देवघराविषयी एकच म्हणणे आहे. देवामागची भिंत देवापेक्षा उठून दिसता कामा नये. समईच्या मंद ज्योतीत मूर्तीचे मुख दिसावे, इतका साधा आणि फिका रंग तेथे पुरे. मात्र काजळी पुसता येईल असा असावा.

आणि एक गोष्ट अंतःकरणाला लागणारी. दिवाणखान्यास उंची रंग आणि आजीच्या आतल्या अंधाऱ्या खोलीस उरलासुरला डबा, हे पुष्कळ घरांत घडते. वयोमानाने डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, निळ्या छटा ओळखू येईनाशा होतात, उंबरठा आणि फरशी एकच भासते. त्या खोलीस उजळ रंग द्यावा. दाराची चौकट, उंबरठा आणि विजेची बटणे वेगळ्या ठळक रंगात असावीत. ‘मातृदेवो भव’ हे केवळ उच्चारण्याचे वचन नव्हे.

तशीच घरातील बालकांची काळजी. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु जुन्या घरांच्या थरांत ते असू शकते, आणि खरवडताना उडणारी धूळ लेकरांच्या पोटात जाते. म्हणून भिंत ओली करूनच खरवडावी. मुले आणि गर्भवती यांना त्या दिवसांत दूर ठेवावे. अरिष्ट टाळावयाचे ते हे होय.

लक्ष्मी स्वच्छता पाहते, दीप पाहते आणि घरातील माणसांची मने पाहते. यंदा रंग निवडताना प्रथम घरातील वृद्धांस विचारावे, मग गृहिणीस, कोष्टकास सर्वांत शेवटी. आपणां सर्वांच्या घरी समाधानाचा रंग उजळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.